हिरव्या कापडावरचा सुपरमॅन : मालेगावच्या चित्रनिर्मितीची पंचवीस वर्षे (२०००–२०२५)

मालेगावच्या चित्रनिर्मितीला संस्था म्हणावे का, असा प्रश्न या स्मरणिकेची जुळवाजुळव सुरू असताना निघाला. तिला एक कचेरी नाही, अध्यक्ष-सचिव नाहीत, वार्षिक सभा नाही. पण एका गावात पंचवीस वर्षे एकच काम चालते, जुने लोक नव्यांना शिकवतात, पैसे संपले की वर्गणी निघते आणि काम पुन्हा सुरू होते. त्या कामाचा स्वतःचा प्रेक्षक आहे आणि तो पदरचे पैसे देऊन ते बघतो. माझ्या मते याला संस्थाच म्हणतात. २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार झाला, त्यापासून मोजले तर २०२५ हे तिचे रौप्यमहोत्सवी वर्ष ठरते.

नांदेड-लातूरच्या वाचकांना मालेगाव तसे लांबचे नाही. नांदेडहून मनमाडला थेट रेल्वे जाते आणि मनमाडहून पुढे एस.टी.ने तासाभरात मालेगाव येते. गाव नाशिक जिल्ह्यात, मोसम नदीच्या दोन्ही काठांना वसलेले आणि यंत्रमागांवर जगणारे आहे. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग आणला, पुढे त्याचा यंत्रमाग झाला. आज गल्लोगल्ली मागांचा खडखडाट चालतो आणि शुक्रवारी थांबतो. शुक्रवार हा सुटीचा दिवस आणि म्हणून सिनेमाचाही. या इतिहासात शुक्रवारचे महत्त्व मोठे आहे.

पूर्वपीठिका : १९८० ते १९९९

ऐंशीच्या दशकात व्ही.सी.आर. आला आणि तालुक्या-तालुक्याच्या गावी व्हिडिओ पार्लर निघाले. आपल्या मराठवाड्यातही ते होते. एक खोली, एक मोठा टी.व्ही., बाके, दारावर हाताने रंगवलेला फलक आणि दोन-चार रुपयांचे तिकीट, एवढा सारा संसार. पुढे ‘मालेगाव के शोले’ काढणारे नासिर शेख यांचे मालेगावात घरचे असेच पार्लर होते. इतर ठिकाणी ताजे हिंदी चित्रपट लागत, येथे त्यांच्या जोडीला चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन आणि ब्रूस ली लागत. चॅप्लिन समजायला भाषा लागत नाही, हे त्या पार्लरमधल्या कामगाराने कोणत्याही समीक्षकाआधी ओळखले होते.

नासिर शेख संकलन शिकले ते याच खोलीत. पद्धत अशी : दोन व्ही.सी.आर. तारेने जोडायचे. एकावर मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर कोरी कॅसेट घालून रेकॉर्डिंग ‘पॉज’वर ठेवायचे. हवा तो प्रसंग आला की बोट उचलायचे, संपला की दाबायचे. मग दुसरी कॅसेट, दुसरा प्रसंग. बोट अर्धा सेकंद चुकले तर चित्र उडी मारते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. शिवाय कॅसेटवरून कॅसेट उतरवताना दर वेळी चित्र थोडे फिके होते, रंग पसरतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या प्रतीच्या आत काम उरकावे लागते. चित्रपट-शाळेत संकलनाच्या टेबलावर जे शिकवतात तेच हे शिक्षण होते. दोन प्रसंग शेजारी ठेवले की तिसराच अर्थ निघतो, हे तरुण नासिर स्वतःच्या बोटांनी शिकले.

पुढे चोरट्या कॅसेटींवर छापे पडू लागले आणि दुसऱ्याच्या चित्रपटांवर पार्लर चालवणे अवघड झाले. तेव्हा दाखवायला आपलाच चित्रपट का नसावा, हा विचार आला. सुरुवातीच्या मंडळींमध्ये लेखक होते, लग्नाचे व्हिडिओ काढणारे होते, मागावर काम करणारे नकलाकार होते. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे काम उचलले.

पहिले दशक : २००० ते २००९

‘मालेगाव के शोले’ लग्नसमारंभासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर सुमारे ५० हजार रुपयांत झाला. डाकू घोड्यांवरून यायला हवेत, पण घोडे परवडणारे नव्हते, म्हणून ते सायकलींवरून आले. प्रेक्षक हसला आणि त्याने ते मान्यही केले, कारण सायकल त्याच्या रोजच्या ओळखीची होती. कामगार कलावंत होते, त्यामुळे चित्रीकरण मागाची पाळी सांभाळून चाले. स्त्री-भूमिकांसाठी बाहेरगावच्या अभिनेत्री बोलवाव्या लागत, गावातून त्या काळी कुणी पुढे येणे शक्य नव्हते. त्या अभिनेत्रींनी प्रवास करून, गावातल्या अनोळखी वातावरणात काम केले. त्यांचे ऋण या इतिहासाने ठळकपणे मान्य केले पाहिजे.

चित्रपट गावात दोन महिने चालला. त्यानंतर ‘मालेगाव की शान’, ‘मालेगाव की लगान’ अशी मालिकाच लागली. संवाद मालेगावच्या बोलीत, म्हणजे खानदेशी वळणाच्या उर्दूत होते आणि विनोदात वीजकपात, खड्डे, उधारी आणि मागाचे मालक होते. नवनवी मंडळी हाताशी आली. काहींनी पुढे स्वतःचे चित्रपट सुरू केले. मते वेगळी झाली, वाटाही झाल्या, पण त्यामुळे गावात निर्मितीची ठिकाणे वाढली आणि अनेकांना काम मिळाले. एका माणसाचा छंद होता तो गावाचा उद्योग झाला, तो या काळात.

या चित्रपटांना सरसकट ‘नक्कल’ म्हणणे मला मान्य नाही. नक्कल मूळ वस्तूच्या जागी बसू पाहते. मालेगावच्या ‘शोले’ने मूळ ‘शोले’ची जागा कधी मागितली नाही. ज्याने मूळ चित्रपट वीस वेळा पाहिला आहे त्यालाच हा पुरता कळतो. मूळ कलाकृतीवर प्रेम करणाऱ्याने तिच्याच अंगाने काढलेली ही नवी फांदी आहे, आणि जगात इतरत्र तिला मानाचे स्थान मिळाले आहे.

त्यातले इंग्लंडमधले उदाहरण येथे सांगायलाच हवे. बी.बी.सी.ची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा-मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली आणि १९८९ मध्ये बंद पडली. चाहते स्वस्थ बसले नाहीत. मालिका सुरू असतानाच १९८४ मध्ये निघालेल्या ‘रीलटाइम पिक्चर्स’ने आणि पुढे १९९१ मध्ये बिल बॅग्ज यांनी काढलेल्या ‘बी.बी.व्ही.’ने स्वतःच्या हिमतीवर व्हिडिओ चित्रपट काढायला सुरुवात केली. मालिकेचे नाव आणि नायक बी.बी.सी.च्या मालकीचे, त्यांना हात लावता येत नव्हता. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये बाहेरच्या लेखकाने मालिकेसाठी निर्माण केलेल्या पात्रांवर आणि परग्रहवासी प्राण्यांवर त्याचा स्वतःचा हक्क राहत असे. मग या कंपन्यांनी थेट लेखकांकडे जाऊन परवानगी घेतली. रॉबर्ट होम्स यांनी निर्माण केलेले सोंटारन आणि ऑटॉन, हेसमन आणि लिंकन या जोडीचे यती, अशा पात्रांवर नवे चित्रपट निघाले. मालिकेत डॉक्टरची भूमिका केलेले कॉलिन बेकर बी.बी.व्ही.च्या चित्रपटांत ‘स्ट्रेंजर’ या नावाने आले. प्रेक्षकाला सगळे कळत होते आणि कायद्याला बोट ठेवायला जागा नव्हती.

१९९५ मध्ये रीलटाइमने ‘डाउनटाइम’ काढला. त्यात मालिकेतले एक पात्र असलेल्या ब्रिगेडियर लेथब्रिज-स्ट्युअर्ट यांना केट नावाची मुलगी दाखवली होती. ही मुलगी मूळ मालिकेत कधी आलेली नव्हती. २००५ मध्ये बी.बी.सी.ने मालिका पुन्हा सुरू केली आणि २०१२ मध्ये तीच केट अधिकृत मालिकेत दाखल झाली. आजही ती त्यातले महत्त्वाचे पात्र आहे. हौशी श्राव्यनाटके करणारे निकोलस ब्रिग्ज २००५ पासून खुद्द बी.बी.सी.च्या मालिकेत डॅलेक या यंत्रमानवांसारख्या शत्रूंना आवाज देतात. ‘बिग फिनिश’ या कंपनीने १९९८ मध्ये एका कादंबरीतल्या नायिकेची श्राव्यनाटके काढली आणि पुढच्याच वर्षी तिला ‘डॉक्टर हू’चा रीतसर परवाना मिळाला. मालिका दूरदर्शन संचावर नव्हती तेव्हा तिचे कुटुंब या छोट्या कंपन्यांनी एकत्र ठेवले. अधिकृत संस्थेने नंतर त्यांच्याकडूनच माणसे आणि पात्रे घेतली.

मालेगावात लेखकाचे हक्क विकत घेण्याइतका पैसा नव्हता आणि वकीलही नव्हता. आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा विडंबनाला स्पष्ट शब्दांत संरक्षण देत नाही, टीका आणि समीक्षेसाठीच्या योग्य वापराच्या कलमाचा आधार घ्यावा लागतो. ‘शोले’ची नवी आवृत्ती काढणाऱ्या मुंबईच्या एका बड्या चित्रपटाच्या निर्मात्यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये १० लाख रुपयांचा भुर्दंड बसवला होता. मालेगावचे काम फार लहान होते आणि गावापुरते होते. पण आजच्या तरुण निर्मात्याने गावापुरते असण्यावर भरवसा ठेवू नये, कारण आता काहीच गावापुरते राहत नाही.

याच दशकाच्या उत्तरार्धात मालेगावने विज्ञानकथेला हात घातला. परदेशी ‘सुपरमॅन’ला गावात आणायचे ठरले. त्याआधीही हिंदुस्थानात सुपरमॅन अनधिकृतपणे येऊन गेला होता. १९८७ मध्ये पुनीत इस्सर यांचा हिंदी ‘सुपरमॅन’ निघाला, १९८८ च्या ‘दरियादिल’मध्ये गोविंदाने त्याच पोशाखात गाणे म्हटले. मालेगावच्या सुपरमॅनची कुडी मात्र वेगळी होती. शफीक शेख हे मागावर काम करणारे, किडकिडीत अंगाचे तरुण त्यासाठी निवडले गेले. दणकट शरीर नसलेला सुपरमॅन गावाला आपला वाटला. खलनायक अक्रम खान यांनी रंगवला : घाणीवर प्रेम करणारा, गाव घाणीने भरू पाहणारा. लेखनात फरोग जाफरी यांच्यासारखे अनुभवी लोक होते. मागाच्या धुळीत आणि उघड्या गटारांशेजारी राहणाऱ्या प्रेक्षकासाठी हा शत्रू परग्रहावरून आणावा लागला नाही.

आता उड्डाणाचा प्रश्न. नासिर शेख यांनी क्रोमा तंत्राची माहिती मिळवली. नटाच्या मागे एकाच रंगाचे कापड लावायचे, संगणकाने तो रंग काढून टाकायचा आणि त्या जागी आकाश बसवायचे. कापड निळे चालले नसते, कारण सुपरमॅनचा पोशाखच निळा, तो पार्श्वभूमीबरोबर गायब झाला असता आणि पडद्यावर डोके, हात आणि लाल चड्डी तेवढी उडाली असती. १९७८ चा हॉलिवूडचा ‘सुपरमॅन’ काढणाऱ्यांना नेमकी हीच अडचण आली होती. त्यांनी काही दृश्यांसाठी पोशाखाचा रंग हिरवटाकडे झुकवला आणि झोरान पेरिसिक या तंत्रज्ञाने त्यासाठी खास प्रक्षेपण-पद्धत शोधली. त्या चित्रपटाला दृश्य-करामतींसाठी विशेष ऑस्कर मिळाले. मालेगावच्या मंडळींनी बाजारातून हिरवे कापड आणले, ते ट्रकच्या बाजूला ताणून बांधले, शफीकना आडव्या दांड्यावर पालथे ठेवले आणि ट्रक चालू केला. केस आणि अंगरखा उडण्यासाठी पंखा लागला नाही, वारा खरा होता. उंचावरून दृश्य घ्यायला क्रेन नव्हती, तिचे काम बैलगाडीने केले. कॅमेरा सरकता ठेवायला सायकल वापरली. अडचण एकच, उत्तरे दोन. माझ्या लेखी मालेगावचे उत्तर अभ्यासक्रमात लावण्याच्या योग्यतेचे आहे.

संकटे आली. कॅमेरा पाण्यात पडला आणि दुरुस्ती होईपर्यंत काम थांबले. मधेच शफीक यांचे लग्न आले. सुपरमॅनला सुटी द्यावी लागली आणि लग्न उरकून ते पुन्हा उडायला हजर झाले. हे सगळे दिग्दर्शिका फैजा अहमद खान यांनी आपल्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपले. २००८ चा हा माहितीपट देशोदेशीच्या महोत्सवांत गेला. त्याच काळात, ८ सप्टेंबर २००६ आणि २९ सप्टेंबर २००८ रोजी, गावात बॉम्बस्फोट झाले होते आणि मालेगावचे नाव वर्तमानपत्रांत फक्त त्याच कारणासाठी छापले जात होते. माहितीपटाने त्याच नावापुढे दुसरी बातमी ठेवली. या संस्थेमुळे गावासाठी झालेले हे सर्वांत मोठे काम आहे.

दुसरे दशक : २०१० ते २०१९

२०१० मध्ये नासिर शेख यांची ‘मालेगाव का चिंटू’ ही विनोदी मालिका सब टी.व्ही.वर आली. रोवन ॲटकिन्सन यांच्या ‘मिस्टर बीन’च्या वळणाची, जवळजवळ शब्दांविना चालणारी. पार्लरमध्ये चॅप्लिन आणि कीटन दाखवून जो प्रेक्षक घडला होता, त्याच्या आवडीचे रूप आता देशभरच्या वाहिनीवर दिसले. मालेगावच्या कलावंतांना पडद्यावर आणि पडद्यामागे नियमित काम मिळाले.

२०११ मध्ये शफीक शेख कर्करोगाने गेले. पुढच्या वर्षी, जून २०१२ मध्ये, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ देशातल्या मोठ्या चित्रपटगृहांत लागला. तिकीट काढून आलेल्या शहरी प्रेक्षकाने ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, ते स्वतः तेथे नव्हते. शफीक यांच्यामागे त्यांचे घरचे आहेत, म्हणून याहून अधिक लिहीत नाही. या संस्थेच्या कार्यकर्त्यांत त्यांचे नाव सर्वांत वर असावे, एवढे मात्र नोंदवतो.

याच दशकात व्हिडिओ पार्लर बंद पडले. आधी सी.डी.ने कॅसेट घालवली, मग मोबाइलने सी.डी. घालवली. मालेगावचा प्रेक्षक गेला नाही, तो हातातल्या पडद्यावर गेला. खानदेशी विनोदी चित्रफिती यूट्यूबवर निघू लागल्या, ‘छोटू दादा’ हे पात्र खानदेशाच्या कितीतरी बाहेर घराघरांत पोचले. जुन्या मंडळींपैकी काहींनी इकडे काम धरले, काहींनी हॉटेल-दुकान सांभाळले. दोन्हीची सोय संस्थेने लावून दिली असे म्हणता येणार नाही. ज्याने त्याने आपले पाहिले, पण एकमेकांच्या चित्रीकरणाला जाणे थांबले नाही.

तिसऱ्या दशकाचा आरंभ : २०२० ते २०२५

रीमा कागती दिग्दर्शित आणि वरुण ग्रोवर लिखित ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ सप्टेंबर २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी भारतात प्रदर्शित झाला. आदर्श गौरव यांनी नासिर, शशांक अरोरा यांनी शफीक आणि विनीतकुमार सिंह यांनी फरोग यांची भूमिका केली. मुंबईच्या चित्रपटांवरून मालेगावने चित्रपट काढले, आता मुंबईने मालेगाववरून काढला. इंग्लंडमध्ये केटचे जे झाले तेच येथे घडले : बाहेरच्या अंगणात वाढलेले पात्र आत घेतले गेले. फरक एवढाच की येथे पात्रे खरी माणसे आहेत.

आजचे काम मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चालते. क्रोमासाठी ट्रक लागत नाही, फोनमधले ॲप आकाश बसवून देते. नांदेड आणि लातूरमध्ये लघुपट आणि वेब मालिका करणारी कितीतरी तरुण मंडळी आहेत. नासिर शेख यांना पन्नास हजारांत जे मिळाले नाही ते या मंडळींच्या खिशात आहे. त्यांनी या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक मालेगावकडून : गोष्ट मोठ्या पडद्यावरून उचलली तरी तिच्यात वारे आपल्या गावचे भरावे, आपली बोली, आपला पाणीटंचाईचा टँकर, आपली शिकवणीची रांग तिच्यात यावी. दुसरी गोष्ट इंग्लंडच्या कंपन्यांकडून घ्यावी : मूळ लेखक किंवा हक्कदार गाठून आधी लेखी परवानगी मागावी. मागितली तर ती पुष्कळदा मिळते, आणि मिळाली की आपले काम उद्या कुणी पुसून टाकू शकत नाही.

जतनाचा प्रश्न मात्र आजच हाती घ्यावा लागेल. व्ही.एच.एस. कॅसेटची फीत वीस-पंचवीस वर्षांत खराब होऊ लागते, बुरशी धरते, चुंबकीय नोंद पुसट होते. ‘मालेगाव के शोले’च्या काळातल्या प्रती आता त्या वयाच्या झाल्या आहेत. ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक जुने भाग खुद्द बी.बी.सी.ने जपले नाहीत, त्यांची चित्रफीत आज उपलब्ध नाही. पण त्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण त्या काळच्या चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून ठेवला होता. आपल्याकडे हे काम चाहत्यांनाच करावे लागेल.

ज्यांच्या घरी, दुकानात किंवा बंद पडलेल्या पार्लरच्या माळ्यावर मालेगावच्या किंवा आपल्या मराठवाड्यातल्या कुठल्याही हौशी चित्रपटाची कॅसेट अथवा सी.डी. असेल, त्यांनी ती भंगारात देऊ नये. कॅसेट कोरड्या जागी उभी ठेवावी, स्पीकरसारख्या चुंबक असलेल्या वस्तूपासून दूर ठेवावी आणि बुरशी दिसली तर घरच्या व्ही.सी.आर.मध्ये घालू नये. वेष्टनावर वर्ष, गाव आणि काम केलेल्या सर्वांची नावे लिहावीत, आणि अशा फिती संगणकावर उतरवून देणाऱ्याकडून तिची प्रत या वर्षीच करून घ्यावी.